सजवलेले घर, झाकलेले घर

घर बांधणे आणि लग्न करणे या दोन गोष्टी केल्याखेरीज माणसाला संसाराची कल्पना येत नाही, असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. घर विकणे हे तिसरे काम त्यांनी या म्हणीत घातले नाही. कारण घर ही विकावयाची वस्तू आहे असे त्यांना सहसा वाटतच नसे. घर विकावे लागणे म्हणजे घराण्यावर काहीतरी संकट ओढवणे, अशी त्या काळची समजूत होती. आज ती स्थिती राहिलेली नाही. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस, आखातात किंवा विलायतेस जातात, आईवडील मागे एकटे राहतात, भावंडांच्या वाटण्या होतात आणि घराची खरेदी-विक्री ही नित्याची बाब होऊन बसते. जी वस्तू बाजारात आली तिला बाजाराचे अलंकारही चढावयाचेच. विकावयाचे घर गिऱ्हाइकाला दाखविण्यापूर्वी ते सजवून, नीट मांडून देण्याचा एक स्वतंत्र धंदा परदेशांत अर्धशतकापूर्वी निघाला. 'होम स्टेजिंग' या नावाने तो ओळखला जातो. तो आता आपल्याकडेही पाय रोवू पाहत आहे. येथील गिऱ्हाइकाला या सेवेची गरजच उमगलेली नाही, ती उमगावी व मागणी वाढावी, असे त्या धंद्यातील मंडळींना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही मागणी वाढावी की नाही, आणि वाढावयाची तर ती कशाच्या बळावर, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. सामान्य कुटुंबाच्या जन्मभराच्या कमाईशी त्याचा संबंध आहे. म्हणूनच त्याचा येथे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या धंद्याचा आरंभ १९७२ साली अमेरिकेतील सिएटलच्या परिसरात झाला आणि त्याचे श्रेय बार्ब श्वार्झ या बाईंना दिले जाते. त्यामागील विचार साधा आहे. गिऱ्हाईक रिकामी खोली पाहते तेव्हा तिला फक्त चार भिंती दिसतात. अडगळीने भरलेली खोली पाहते तेव्हा दुसऱ्याचा संसार दिसतो. दोन्ही प्रसंगी स्वतःचा संसार तेथे कसा थाटेल, हे तिला डोळ्यांपुढे आणता येत नाही. तेव्हा अडगळ काढावी, भिंतींना शांत रंग द्यावा, थोडके पण बेताचे सामान भाड्याने आणून मांडावे, उजेड आत घ्यावा, म्हणजे घर लवकर विकले जाते आणि भावही बरा येतो. आपल्याकडे हाच प्रकार इमारती बांधणाऱ्यांनी वेगळ्या नावाने केव्हाच उचलला आहे. मुंबई, पुणे, पणजी, मडगाव, कोठेही नव्या इमारतीच्या कचेरीत जा. 'सॅम्पल फ्लॅट' तुमच्या स्वागतास सज्ज असतो. ज्या इमारतीचा पायाही भरून झालेला नाही, तिच्यातील दिवाणखान्यात बसून तुम्ही चहा घेऊ शकता!

स्टेज म्हणजे रंगमंच. नाटकवेड्या गोमंतकीयाला नेपथ्य म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. देवळाच्या मांडवात उभा राहिलेला राजवाडा कापडाचा आहे, हे पुढच्या रांगेतील पोरालाही ठाऊक असते. तरीही तो त्या राजवाड्यात रमतो, कारण तिकीट त्याने नाटकाचे काढलेले असते, वाड्याचे नव्हे. घर पाहावयास आलेल्या माणसाची गोष्ट निराळी. तो नाटक पाहावयास आलेला नसतो. तो वाडाच विकत घ्यावयास आलेला असतो. नेपथ्य आणि वाडा यांतील भेद त्याला कोणी सांगितलेला नसतो, आणि पडदा पडतो तेव्हा वीस वर्षांच्या कर्जाचा पहिला हप्ता सुरू झालेला असतो. सारा वाद या एका भेदाचा आहे.

यावरून आम्ही सजावटीच्या विरुद्ध आहोत असे मात्र कोणी समजू नये. आपल्या किनारपट्टीवरील माणसाला तरी तसे म्हणता येणार नाही. चवथ जवळ आली की आपल्या घराघरांतून रंगसफेदीची धांदल उडते. पावसाने काळवंडलेले चिरे धुतले जातात, दारे-खिडक्यांना रंग लागतो, माळ्यावरचा पसारा उतरविला जातो, माटोळीसाठी रानातली फळेफुले येतात आणि वर्षभर दमट वाटणारी खोली गणपती बसताच उजळून निघते. दिवाळीत पुन्हा तोच क्रम. दारापुढचा सडा आणि रांगोळी ही तर रोजची सजावट. परंतु हे सारे आपण देवासाठी आणि पाहुण्यांसाठी करतो. पाहुण्याला ओल दिसू नये म्हणून आपण भिंतीपुढे कपाट सरकविले, तरी त्यात पाहुण्याचे काही जात नाही. तेच कपाट घर विकताना सरकविले, की पाहुणचाराचे रूपांतर लबाडीत होते. कृती एकच, पण समोरच्या माणसाचे काय पणाला लागले आहे यावरून तिचे नाव ठरते.

ही गोष्ट पटविण्यासाठी आम्ही वाचकांना थोडे दूर, सातपुड्याच्या एका खिंडीत घेऊन जाऊ इच्छितो. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर असीरगड उभा आहे. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरण्याची वाट या गडाच्या नजरेखालून जाते. म्हणून त्याला दक्षिणेची किल्ली म्हणत आले. आज तो मध्य प्रदेशात मोडत असला, तरी जुन्या खानदेशाचा तो मुकुटमणी होता, आणि उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली निजामाकडून मराठ्यांना मिळालेल्या मुलखात त्याचा समावेश होता. भारतीय युद्धातला अश्वत्थामा अजूनही तेथील शिवमंदिरात पूजेसाठी येतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. अशा या गडाचे दार पहिल्यांदा कसे उघडले गेले, त्याची हकीकत फेरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे आणि ती आमच्या प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याला भिडणारी आहे.

फेरिश्ता सांगतो की, पंधराव्या शतकाच्या आरंभी हा गड आसा अहीर या नावाच्या एका सधन व उदार गोपालकाच्या ताब्यात होता. दुष्काळात लोकांना धान्य वाटणारा म्हणून त्याची ख्याती होती. खानदेशचा सुलतान नासीरखान फारुकी याने त्याला निरोप पाठविला की, आपणांस शत्रूंची भीती वाटते, तेव्हा आपल्या कुटुंबातील स्त्रियांना गडावर आश्रय द्यावा. आसाने मोकळ्या मनाने होकार दिला. पहिल्या दिवशी काही डोल्या आल्या. त्यांत खरोखरच स्त्रिया होत्या, आणि आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोल्यांची रांग गडावर चढली. आसा आणि त्याचे पुत्र सामोरे गेले. पडदे बाजूला झाले आणि आतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. आसा अहीर आपल्याच दारात मारला गेला आणि गड गेला.

या हकीकतीत राजा कोणत्या धर्माचा होता याला आम्ही महत्त्व देत नाही. अशी कपटे सर्व देशांच्या आणि सर्व राजकुळांच्या इतिहासात सापडतात. महत्त्व आहे ते पहिल्या दिवशीच्या डोल्यांना. त्या खऱ्या होत्या म्हणून दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांचे पडदे कोणी उचलून पाहिले नाहीत. फसवणूक करणारा चतुर माणूस सगळेच खोटे कधी दाखवीत नाही. तो आधी काही खरे दाखवून पाहणाऱ्याचा विश्वास कमावतो आणि मग त्या विश्वासाच्या आडून हवे ते आत आणतो. सॅम्पल फ्लॅटमधील फरशी खरी असते, नळाची तोटी खरी असते, स्वयंपाकघरातील ओटाही खरा असतो. परंतु पलंग नेहमीच्या मापापेक्षा आखूड केलेला असतो, आतील दारे बसविलेलीच नसतात, समोरासमोर आरसे लावून खोली दुप्पट भासविलेली असते आणि भर दुपारी सगळे दिवे लावून ठेवलेले असतात, म्हणजे खिडकीतून उजेड येत नाही हे कोणाच्या ध्यानी येऊ नये. पहिल्या दिवशीच्या डोल्या पाहून गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांना वाट देते.

जुन्या घरांच्या विक्रीत तर झाकण्याजोगे पुष्कळ असते, आणि कोकण-गोव्याच्या हवेत ते अधिकच असते. चिऱ्याच्या भिंतीला खालून ओल चढते, छपराच्या वाशांना वाळवी लागते, खाऱ्या वाऱ्याने स्लॅबमधल्या सळया गंजतात आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. शिमग्यानंतर रंगविलेली भिंत मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत नवीकोरी दिसते. गळके छप्पर जिप्समच्या खोट्या छताआड दडते. कुबट वास अत्तराच्या दिव्याने झाकता येतो. विहिरीला मे महिन्यात पाणी राहते की नाही, हे डिसेंबरात घर पाहणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून आमचा आपल्या वाचकांना पहिला सल्ला असा की, घर घ्यावयाचे तर ते एकदा तरी मुसळधार पावसात पाहावे, आणि एकदा भर उन्हाळ्यात पाहावे. ज्या विक्रेत्याला याची अडचण वाटते, त्याच्या डोलीचा पडदा अवश्य उचलावा.

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे असे नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमानुसार, जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, पण गिऱ्हाइकास ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानी येण्याजोगा नाही, असा मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील दोष उघड करणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. नव्या बांधकामांपुरते पाहिले तर २०१६ चा रेरा कायदा आणखी पुढे जातो. त्याच्या १२व्या कलमात जाहिरातीबरोबरच नमुन्याच्या सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. तिच्यावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे खोट्या माहितीमुळे नुकसान झाले, तर बांधकाम करणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे, आणि ग्राहकाला माघार घ्यावयाची असेल तर त्याची रक्कम व्याजासह परत केली पाहिजे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष आढळला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे. चटईक्षेत्राची व्याख्या या कायद्याने एकदाची पक्की केली, हाही लहानसहान लाभ नव्हे. परंतु हा कायदा मुख्यतः बांधकाम करून विकणाऱ्यांसाठी आहे. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकलेल्या जुन्या घराला त्याचे छत्र मिळत नाही. तेथे १८८२ चे ते जुने कलम आणि गिऱ्हाइकाची स्वतःची सावधगिरी एवढेच काय ते हाताशी राहते. होम स्टेजिंगचा धंदा वाढावयाचा आहे तो मुख्यतः याच क्षेत्रात. म्हणून काळजी अधिक.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग हा धंदा मुळातच नको. आमचे मत तसे नाही. या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या गोमंतकात रोज डोळ्यांना दिसते. विकणारा नेहमीच धूर्त आणि घेणारा नेहमीच भोळा, असे असत नाही. कित्येकदा विकणारी असते एखादी वृद्ध विधवा किंवा उतारवयातले एकाकी जोडपे. मुले परदेशी; घर मोठे; छपराची डागडुजी झेपत नाही; अंगणात गवत माजलेले; माजघरात तीन पिढ्यांचे पेटारे, तुटक्या खुर्च्या आणि पाळणे रचून ठेवलेले. अशा घराला दलाल मोडकळीचा भाव सांगतो. जमिनीची किंमत तेवढी देऊ, घराला काय मोल, असे तो म्हणतो, आणि थकलेली माणसे त्यास कबूल होतात. पुढे तेच घर कोणी पैसेवाला घेतो, कौले बदलतो, भिंतींना पिवळा नाहीतर निळा रंग देतो, पेटाऱ्यांपैकीच दोन घासूनपुसून ओसरीवर मांडतो आणि त्याच घराची 'पोर्तुगीज व्हिला' म्हणून दामदुपटीने जाहिरात करतो. घर तेच, चिरे तेच, वासे तेच. जे मोल दलालाने नाकारले होते ते घरात पहिल्यापासूनच होते. ते दाखविण्याची कला मात्र मूळ मालकाजवळ नव्हती.

या नावाबद्दलही एक शब्द बोलला पाहिजे. जुने म्हटले की सगळेच पोर्तुगीज, असा एक सोयीस्कर समज बाजाराने रूढ केला आहे. ज्या घराच्या मध्यभागी राजांगण आहे, राजांगणात तुळशीवृंदावन आहे, आत देवघर आणि बाहेर सोपो आहे, ते घर येथल्या गवंड्यांनी आणि सुतारांनी येथल्या कुटुंबासाठी बांधलेले असते. पेडण्यातील देशप्रभूंचा वाडा, पणजीतील म्हामाय कामतांचे घर, चांदरचे मिनेझिस ब्रागांझा घराणे राहिलेले घर, या सर्वांत युरोपीय वळणे मिसळली आहेत, पण त्यांतले प्रत्येक गोमंतकीय आहे. चुकीचे नाव देणे हीसुद्धा एक तऱ्हेची झाकाझाकच होय. त्यात भिंतीवरची ओल झाकली जात नाही. ज्यांनी ते घर उभे केले त्यांचे हात झाकले जातात.

तेव्हा विकणाऱ्या सामान्य माणसाच्या हाती ही कला आली, तर तो न्याय ठरेल. गिऱ्हाइकाचे डोळे दिपविण्यासाठी ती वापरली गेली, तर तो अन्याय. सुरी तीच, ती वैद्याच्या हाती आहे की चोराच्या, एवढाच प्रश्न. आणि म्हणून मागणी निर्माण करावयाची ती कोणत्या बाजूने, हे या धंद्याने आरंभीच ठरविले पाहिजे. 'सजवले नाही तर तुमचे घर पडून राहील' अशी धास्ती घालून मागणी वाढविता येते, किंवा 'तुमच्या घराचे खरे मोल आम्ही लोकांसमोर आणू' असे वचन देऊन आणि ते पाळून ती वाढविता येते. पहिली वाट जवळची आहे, पण चार फसलेली गिऱ्हाइके ती बंद करू शकतात. दुसरी वाट लांबची आहे, पण टिकाऊ.

खरे मोल म्हणजे काय, हे समजण्यास पुन्हा असीरगडाकडेच पाहावे लागेल. १६०० साली अकबराने या गडाभोवती वेढा आवळला, तेव्हा तोफांनी गड पडला नाही. गडावर पाण्याचे तलाव होते, धान्याची कोठारे भरलेली होती. म्हणून तो महिनोन् महिने झुंजला. वेशीची कमान किती भव्य आहे यावरून किल्ल्याची किंमत ठरत नसते, ती ठरते पाण्यावरून. आपल्या रामचंद्रपंत अमात्यांनीही आज्ञापत्रात हेच बजावले आहे की गड बांधण्यापूर्वी आधी पाण्याची खात्री करून घ्यावी. खाली बऱ्हाणपूर शहरात पाहिले तर तेथेही हाच धडा मिळतो. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून, कुंड्यांच्या मालिकेतून शहरापर्यंत आणणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास तेथे तयार झाला. जमिनीवरून जाणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही. शहर मात्र त्यावर जगले. घराचेही तसेच आहे. पाया, पाणी, छप्पर, निचरा आणि कागदपत्रे, हा घराचा कुंडी भंडारा. सजावट करणाराने प्रथम तो दाखवावा.

कागदपत्रांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. गोव्यात पती-पत्नीच्या सामाईक मालकीचा नियम आहे. घर एकाच्या नावावर दिसले तरी विक्रीस दोघांची संमती लागते. वडिलोपार्जित मालमत्तेत वारसांची यादी आणि वाटणी रीतसर झालेली नसेल, तर दूरदेशीचा एखादा वारस उद्या दारात उभा राहू शकतो. आवारात मुंडकार राहत असेल, तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात सातबारा, गोव्यात फॉर्म एक व चौदा, हे कागद भिंतीवरच्या चित्रापेक्षा अधिक निरखून पाहिले पाहिजेत. मखमली पडद्यांनी यांतली एकही अडचण सुटत नाही. उलट, कागद स्वच्छ असलेले साधे घर हेच खरे सजलेले घर, असे आम्ही म्हणू.

असीरगडाच्या वेढ्याचा शेवट कसा झाला, तेही येथे सांगितले पाहिजे. जानेवारी १६०१ मध्ये गड अकबराच्या हाती आला. दरबारी इतिहासकारांनी गडावरील रोगराईवर भर दिला. गोव्याहून अकबराच्या दरबारी गेलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात मात्र आतल्या सरदारांना पैसा चारल्याचे सांगितले आहे. सोन्याच्या किल्ल्यांनी असीरगड उघडला, अशी त्यावरून समजूत पसरली. इतिहासाचा तो वाद इतिहासकार सोडवोत. बोध असा की, जो आपला म्हणून आत बसला आहे त्याचे मोल दुसरा कोणी चुकते करीत असेल, तर तटबंदी कितीही उंच असो, ती निरुपयोगी आहे. घराच्या व्यवहारात हा आतला माणूस म्हणजे मध्यस्थ. आपणांस सल्ला देणारा दलाल, सजावट करणारा आणि किंमत ठरविणारा हे तिघे एकाच ताटात जेवत असतील, तर गिऱ्हाइकाच्या बाजूचे कोणीच उरत नाही. सोन्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे प्रत्येक घर घेणाऱ्याने सौद्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

यावर धंद्यातील मंडळी एक आक्षेप घेतील, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतील, जगात कोणती वस्तू नटविल्याविना विकली जाते? बाजारातला भाजीवालाही टवटवीत वांगी वर मांडतो. मुलगी दाखवावयाची तर तिला चांगले लुगडे नेसवून पोहे घेऊन बाहेर पाठविण्याची आपलीच चाल आहे ना? चाल होती खरी. परंतु त्या चालीने किती संसारांची फसगत झाली आणि किती मुलींचा अपमान झाला, हेही आपण जाणतो. म्हणूनच शहाणी घराणी कांदेपोह्यांवर विसंबत नसत. चार ठिकाणी चौकशी करीत. राहता राहिली वांगी. ती किडकी निघाली तर एका वेळची भाजी जाते. घर किडके निघाले तर निवृत्तीची पुंजी जाते. वस्तू जितकी महाग आणि सौदा जितका दुर्मिळ, तितकी विकणाऱ्याची सत्याची जबाबदारी मोठी, हा व्यापाराचा जुना धर्म आहे.

म्हणून, या धंद्याला खरोखरच लोकांचा विश्वास मिळवावयाचा असेल, तर त्याने काही पथ्ये आपण होऊन पाळावीत, असे आम्ही सुचवितो. पहिले पथ्य, मेहनताना कामाचा घ्यावा; विक्रीच्या किमतीवर टक्केवारी घेऊ नये, म्हणजे किंमत फुगविण्याचा मोह होणार नाही. दुसरे, दुरुस्ती आधी आणि सजावट मागून; ओल्या भिंतीवर रंग चढविण्याचे काम स्वीकारूच नये. तिसरे, घराबरोबर काय मिळणार आणि भाड्याने आणलेले काय परत जाणार, याची यादी दर्शनी भागी लावावी. चौथे, ज्ञात दोषांचा एक कागद विक्रेत्याच्या सहीने गिऱ्हाइकाला द्यावा. पाचवे, अलीकडे यंत्राच्या साहाय्याने रिकाम्या खोलीच्या छायाचित्रात नसलेले सामान, नसलेली झाडे, क्वचित नसलेला समुद्रही दाखविता येतो. अशा चित्रावर ते बनविलेले आहे असे ठळक लिहावे आणि शेजारीच मूळ छायाचित्र छापावे. यांतले एकही पथ्य अवघड नाही. जो पाळील, त्याच्याकडे गिऱ्हाईक शोधत येईल. कारण घर घेणाऱ्यालाच उद्या असा सजावटकार हवासा वाटेल, ज्याचे नाव पाहिले की घरात लपविलेले काही नाही अशी खात्री पटते. मागणी निर्माण होते ती अशी.

हे काम शहरातील मोठ्या कंपन्यांनीच करावे असेही नाही. आपल्या गावोगावचे सुतार, गवंडी, रंगारी, कौले चाळणारे कारागीर यांच्या हातांना त्यात काम आहे. पणजीच्या वास्तुकला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या गावातील जुन्या घरांचे नकाशे काढून द्यावेत आणि वृद्ध मालकांना घराचे गुणदोष समजावून सांगावेत. पंचायतींनी आणि ग्राहक संघटनांनी असा सल्ला अल्प मोबदल्यात मिळण्याची सोय करावी. पडझड झालेले घर मातीमोलाने विकण्यापूर्वी मालकाला एक तटस्थ माणूस येऊन सांगेल की, काकी, तुमचे तुळईचे लाकूड सागाचे आहे, विहीर बारमाही आहे, फक्त पश्चिमेचा वासा बदला आणि माजघर मोकळे करा. तर तेवढ्या एका सल्ल्याने कितीतरी कुटुंबांच्या म्हातारपणाची सोय होईल. कदाचित घर स्वच्छ झाल्यावर, उजेड आत आल्यावर, ते विकण्याचा विचारच काही मालक सोडून देतील. तसे झाले तर त्यासारखा आनंद दुसरा नाही.

घर घेणाऱ्यांनाही आमचे सांगणे थोडके आहे. सजविलेल्या घरात गेलात तर सजावटीचे कौतुक जरूर करा, पण मग कपाट सरकवून भिंतीला हात लावा, दिवे मालवून खिडकी उघडा, टेप काढून खोली मोजा, शेजाऱ्याला पाण्याचे विचारा आणि कागद वकिलाला दाखवा. यात विक्रेत्याचा अपमान नाही. प्रामाणिक विक्रेता उलट स्वतःच पडदा बाजूला करील, कारण त्याच्या डोलीत लपविण्यासारखे काही नसते. आसा अहीर उदार होता, आणि त्याच्या औदार्याला नावे ठेवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ज्याच्या मागे बायकामुलांचा संसार उभा आहे, त्याने औदार्याला चौकशीची जोड द्यावी, एवढे तरी या जुन्या गडाच्या कहाणीतून आपण शिकलो पाहिजे.